कुरणात भरलेली शाळा

आमच्या लहानपणी शाळेच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढे ‘ग’ हे अक्षर फार वेळा असायचं. ‘ग’ म्हणजे गैरहजर. मला मात्र कितीतरी दिवस वाटायचं, ‘ग’ म्हणजे गुरं. घरच्या चार गाई माळावर न्यायला कुणी नसलं, की माझी शाळा बुडायची आणि गुरुजींना ते ठाऊक असायचं. दुसऱ्या दिवशी ते छडी मारत, पण जरा हलक्या हातानं.

पुढे मीच प्राथमिक शिक्षक झालो. अनुताई वाघांच्या कामाविषयी वाचताना एक शब्द भेटला आणि मी पुस्तक मिटून बसलो. शब्द होता ‘कुरणशाळा’. मुलं गुरांमागं जातात ना, मग शाळेनंही गुरांमागं जायचं! माझ्या लहानपणी हे कुणाला सुचलं असतं तर, असं वाटून गेलं.

ही हकिगत सुरू होते १९४५ साली, डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात. त्या वेळचा ठाणे जिल्हा, २०१४पासून पालघर. ताराबाई मोडक तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे धडे गिरवले होते, १९३६मध्ये दादरला शिशुविहार उभं केलं होतं. मोठं नाव झालेलं. पण माँटेसोरी पद्धत शहरातल्या पांढरपेशा घरांतच राहणार का, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेली ही बाई, शिकून शिक्षिका झालेली, पुण्यातली हुजूरपागेची नोकरी सोडून आली होती.

बालवाडी उघडली, पण मुलं येईनात. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती गरिबांची मुलं तर नाहीतच. दुसरं कुणी असतं तर पालकांना अडाणी ठरवून मोकळं झालं असतं. या दोघींनी बालवाडीच उचलली आणि वस्तीत, घरांपुढच्या अंगणात नेऊन मांडली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम असा आहे. मुलांना तिथंच धुवायचं, पुसायचं, तिथंच गाणी, तिथंच खेळ. माँटेसोरीची महागडी लाकडी साधनं कुठून आणणार? समुद्र जवळ होता, शिंपले आले. झाडांखालून बिया आल्या, ओढ्यातून गोटे आले. लहान-मोठं, हलकं-जड, खरखरीत-गुळगुळीत हे शिकायला आणखी लागतं काय?

१९५७मध्ये संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली. आता मुलं होती वारल्यांची आणि त्यांच्यासारख्या इतर आदिवासी जमातींची. इथं प्रश्न वेगळाच निघाला. बालवाडीच्या वयाची पोरं अंगणात सापडत, पण सहा-सात वर्षांची झाली की घरातून नाहीशी होत. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसत, मुलगे गुरं घेऊन रानात जात. मुलींसाठी उपाय निघाला तो पाळणाघराचा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, म्हणजे तान्हं भावंड शेजारी ठेवून ताईनं वर्गात बसायचं. याला ‘विकासवाडी’ म्हणत. आणि मुलग्यांसाठी कुरणशाळा.

ज्यानं गुरं राखली आहेत, त्याला यातलं शहाणपण पटकन कळेल. गुरं दिवसभर चरत नाहीत. ऊन चढलं की सावली धरून बसतात आणि रवंथ करतात. हे दोन-तीन तास गुराख्याला काही काम नसतं. आम्ही तेव्हा करवंदं खायचो, विटीदांडू खेळायचो, एकमेकांच्या खोड्या काढायचो. फळा टांगायला झाड आहे, बसायला गवत आहे, मोजायला गोटे आहेत, आणि मुलं आपणहून जमलेली आहेत. नाही तो फक्त शिक्षक.

आणि ही मुलं कोरी नसतात. मी पहिलीत शंभरपर्यंत अंक म्हणताना अडखळायचो, पण कळपातली एक गाय कमी असली तर लांबूनच सांगायचो. मोजून नव्हे. तांबडी दिसली, मोरी दिसली, बांडी कुठं आहे, असं. पळसाला पानं तीन का, मोहाची फुलं पहाटेच का वेचायची, कुठल्या गवतानं दूध उतरतं, हे मला येत होतं. शाळेनं ते कधी विचारलं नाही.

अलीकडे इंग्लंडमधल्या ‘फॉरेस्ट स्कूल’ची चर्चा आपल्याकडेही ऐकू येते. डेन्मार्कमध्ये १९५०च्या दशकापासून लहान मुलांच्या बालवाड्या जंगलात भरू लागल्या. ब्रिजवॉटर कॉलेजची मंडळी १९९३मध्ये तिथं जाऊन आली आणि इंग्लंडमध्ये तो प्रयोग सुरू झाला. चांगलीच गोष्ट आहे. आम्ही तर हे आधीच केलं होतं, अशी फुशारकी मला मारायची नाही, कारण दोन्हींत मोठा फरक आहे. तिकडचं मूल रानाला पारखं झालं होतं, म्हणून शाळेनं त्याला रानात नेलं. कोसबाडचं मूल पोटासाठी रानातच अडकलं होतं, म्हणून शाळा त्याच्याकडे गेली.

इथं एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. मुलाचं गुरं राखणं कुरणशाळेनं मान्य करून टाकलं नाही का? बालमजुरीला फळा-खडू पुरवला, असंही कुणी म्हणेल. २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क देतो, आणि शाळेला बारमाही इमारत हवी, असं सांगतो. मी या कायद्याच्या बाजूचा आहे. पाऊस अंगावर घेत शिकणं ऐकायला गोड वाटतं, ते ज्याला करावं लागतं त्याला विचारा. पण १९५७ साली असा कायदा नव्हता, आणि मूल तर त्याच वर्षी सात वर्षांचं होत होतं. कायद्याची वाट बघायची की माळावर जायचं, हा त्या बायकांपुढचा प्रश्न होता.

अंगणवाडीचं नशीब वेगळं निघालं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली आणि हा मराठी शब्द देशभर गेला. ताराबाई त्याआधी दोनच वर्षं गेल्या होत्या. अनुताई १९९२पर्यंत होत्या, त्यांनी तो पसारा पाहिला. शब्द पोचला, पण बहुतेक ठिकाणी अंगण मागंच राहिलं, खोली आणि तक्ते आले. कुरणशाळा हा शब्द तर शिक्षकांनाही समजावून सांगावा लागतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका दिवाळीनंतर मी एक धाडस केलं. दुसरीच्या वर्गात दोन मुलं कायम ‘ग’ असायची. वर्गच उचलून आठवडाभर त्यांच्याबरोबर माळावर नेला. पहिल्या दिवशी ती दोघं लाजून लांब बसली. तिसऱ्या दिवशी बाकीच्यांना झाडं आणि गवतं दाखवत पुढं चालत होती, आणि मी मागून वहीत नावं लिहून घेत होतो. त्यातली सहा मलाही नवी होती. साहेबांनी नंतर विचारलं, ‘हे कुठल्या परिपत्रकात बसतं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या आठवड्यात हजेरीपटावर एकही ‘ग’ पडला नाही. सोमवारी वर्ग पुन्हा खोलीत भरला आणि ती दोन मुलं गुरांमागं गेली.