पेटीचा डावा हात

शिक्रापूर असो की शिरूर, भजनाला सुरुवात होण्याआधी पेटीवाला बुवांना एकच विचारतो: पट्टी कोणती? काळी एक की पांढरी चार, एवढं ठरलं की षड्ज रात्रभर जागचा हलत नाही. अशा अढळ षड्जावर पोसलेल्या कानाला कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांची, ये-जा ओळखणं जड जातं, यात नवल नाही. गंमत अशी की पेटी मुळात सुरावटीइतकीच कॉर्डसाठी घडवलेली.

अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिसला हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा भाता पायाने चाले आणि दोन्ही हात मोकळे असत. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची सुटसुटीत पेटी रूढ केली. मांडी घालून बसायची सोय झाली, पण डावा हात भात्यात अडकला. उजव्याच्या वाट्याला चाल आली. गोविंदराव टेंब्यांनी तर त्या एका हातावर पेटीला मैफलीत मान मिळवून दिला.

गोव्यात मात्र चर्चच्या शाळांतून मुलं सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, घोकत, व्हायोलिन शिकत. त्यांतले पुष्कळजण मुंबईच्या सिनेमात आले. तिथे त्यांची गाठ पेटीवर वाढलेल्या संगीतकारांशी पडली. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, हे विनायकबुवा पटवर्धनांचे विद्यार्थी. मिनर्व्हा मूव्हीटोन या चित्रसंस्थेत पेटी वाजवत. त्यांनी संगीत दिलेल्या १९५१ च्या ‘अलबेला’त हळदोण्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट पडद्यावरही दिसतो.

या गोवेकर मंडळींचा कान काय टिपत असे? सा-ग-प हे घर. म-ध-सा आलं की षड्ज तोच राहतो, पण त्याच्या खालची जमीन सरकते. प-नि-रे मध्ये षड्ज नाहीच. निषाद वर ओढू लागतो. बिलावलच्या सुरांत हे तिन्ही बसतात. यमनात मध्यम तीव्र, तिथे दुसरा कॉर्ड शुद्ध मध्यमासकट घुसवला की राग गेलाच. कुठे हात आखडता घ्यायचा हे ज्याला कळे, तोच पक्का अरेंजर, म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ रचणारा.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून राग आणि पाश्चात्त्य स्वरमेळ एकत्र आणायचा घाट घातला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले. १९७७ मध्ये याच जोडीच्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातल्या गाण्याने गुरूचं हे नाव घरोघर पोचलं, त्या नावाचा खराखुरा संगीतकार आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं.