पडद्याचे छायाचित्र कसे घ्यावे?

खारेपाटणच्या वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा मुंबईत बसून संगणकावर पाहणाऱ्यास तो जसाच्या तसा जपून ठेवावासा वाटतो. त्यासाठी कळफलकावरील ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ दाबावी आणि ‘पेंट’ उघडून ‘कंट्रोल’ व ‘व्ही’ या कळा एकत्र दाबाव्यात. पडद्याचे चित्र तेथे उमटते. विंडोज ११ मध्ये याच कळीने चित्र कापून घेण्याची सुविधा उघडू शकते. ‘ऑल्ट’सह ती दाबल्यास केवळ चालू खिडकीचे चित्र मिळते; ‘विंडोज’, ‘शिफ्ट’ व ‘एस’ या कळांनी हवा तेवढाच भाग निवडता येतो. अक्षरे स्पष्ट राहावीत म्हणून चित्र ‘पीएनजी’ स्वरूपात साठवावे व फाइलच्या नावात तारीख घालावी.

मात्र हे चित्र केवळ आपल्या माहितीपुरते असते. त्यात सहज फेरफार करता येत असल्याने शासकीय कामासाठी ते ग्राह्य धरले जात नाही. तेथे महाभूमी संकेतस्थळावरून शुल्क भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराच हवा. याच खारेपाटणात शिलाहार राजा रट्टराज याचा इ. स. १००८ मधील दानाचा ताम्रपट सापडला आहे. नोंद टिकाऊ आणि विश्वासार्ह असावी, ही गरज जुनीच आहे.