एक जिल्हा, तीन राज्ये

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले, आणि त्याच दिवशी बीदर जिल्ह्याची तीन ठिकाणी वाटणी झाली. अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. नारायणखेड, न्याळकल आणि जहिराबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशाला मिळाला. खुद्द बीदर शहर आणि भालकी, हुमनाबाद, औराद हा मुलूख म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. नवलाची गोष्ट ही की, वर्षभरापूर्वीच फाजल अली आयोगाने बीदर जिल्हा उर्वरित हैदराबाद राज्यात ठेवावा अशी शिफारस केली होती.

या घटनेकडे आजवर भाषावादाच्या दृष्टीनेच पाहिले गेले. ज्यांची सोयरीक उदगिरात आणि कचेरी बीदरला, त्यांना दुसरी दृष्टी सुचावी तरी कशी? परंतु राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक दुर्मिळ संधी दिसते.

राज्यपद्धतींची तुलना ही विद्या फार जुनी आहे. अॅरिस्टॉटलच्या विद्यालयात १५८ राज्यघटनांचे वृत्तान्त जमविले गेले असे परंपरा सांगते. त्यांपैकी अथेन्सचा तेवढा, इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसावरून १८९१ साली प्रसिद्ध झाला. पुढे मात्र ही विद्या बरीचशी आळसावली. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी यांच्या घटनांची कलमे ओळीने मांडावयाची आणि त्यालाच तुलना म्हणावयाचे, असा प्रघात पडला. १९५५ साली रॉय मॅक्रिडिस याने या प्रघातावर कडक टीका केली आणि ती योग्यच होती. शेजारी शेजारी ठेवणे म्हणजे तुलना नव्हे. दोन ठिकाणी परिणाम निराळे का झाले, याचे कारण शोधणे हा या शास्त्राचा खरा हेतू आहे.

कारण शोधावयाचे तर पद्धत हवी. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली तिची मांडणी केली : दोन प्रसंग सर्व बाबतींत सारखे आणि एकाच बाबतीत भिन्न असतील, तर परिणामातील फरक त्या एका बाबीकडे बोट दाखवितो. मात्र राष्ट्रांच्या बाबतीत असा योग येणे अशक्यप्राय, हेही त्यानेच बजावून ठेवले होते. बीदर या अशक्याच्या पुष्कळ जवळ येते. तिन्ही भागांवर एकाच निजामाची सत्ता होती, जिल्ह्याची कचेरी एकच होती, आणि १९५० चा हैदराबाद कूळकायदाही तिघांना सारखाच लागू होता.

आता पुढे काय झाले ते पाहावे. मराठवाड्यात आणि तेलंगणात तो जुना हैदराबादी कायदाच दुरुस्त्यांसह चालू राहिला. म्हैसूरने १९६१ साली स्वतःचा जमीनसुधारणा कायदा केला. १९७४ साली, देवराज अरस यांच्या कारकिर्दीत, त्यात मोठी दुरुस्ती होऊन तालुक्यातालुक्यांत भून्यायाधिकरणे बसली. त्यांत सरकारी अंमलदाराबरोबर बिनसरकारी सभासद होते आणि वकिलांना मज्जाव होता. कुळाने आपली बाजू कोणासमोर मांडावयाची, याचे उत्तर भालकीस एक आणि निलंग्यास दुसरे झाले.

स्थानिक स्वराज्याचीही तीच कथा. आंध्रात १९५९ च्या कायद्याने गावोगावचे सरपंच पंचायत समितीत बसले आणि कारभाराचा भार मुख्यतः समितीवर पडला. म्हैसूरमध्ये तालुका मंडळे निवडलेली, परंतु जिल्ह्याची परिषद केवळ सल्ला देणारी. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद हीच सत्तेची गादी झाली आणि जिल्हाधिकारी तिच्याबाहेर राहिला. ज्या राज्यात जिल्ह्याला खरी सत्ता, तेथे पुढारी जिल्ह्याच्या गावी जमतात. जेथे ती नाही, तेथे ते थेट राजधानीची वाट धरतात, असे अनुमान यावरून करता येते. ते खरे की खोटे, हे घरबसल्या ठरणार नाही; गावोगाव फिरूनच ते तपासावे लागेल.

येथे एक सावधगिरी हवी. ही सीमा चिठ्ठ्या टाकून आखलेली नव्हती. भाषेच्या आधारे आखल्यामुळे तिन्ही तुकडे आरंभीच काहीसे भिन्न होते. म्हणून नारायणखेडशी उदगीर ताडून पाहण्यापेक्षा औरादेतील मराठी गाव आणि सीमेपलीकडील उदगीरचे मराठी गाव यांची तुलना अधिक भरवशाची. तेथे बोली एक, पिके एक, सणवार एक. वेगळे आहे ते राज्य.

आफ्रिकेत अशीच तुलना डॅनिएल पोझ्नर याने केली आणि २००४ साली प्रसिद्ध केली. चेवा आणि तुंबुका या दोन जमाती मलावी आणि झांबिया यांच्या सीमेने दुभागल्या आहेत. मलावीत त्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी, झांबियात मित्र. चालीरीती दोन्हीकडे त्याच! कारण त्याला संख्येत सापडले. मलावीत दोन्ही जमाती एवढ्या मोठ्या की प्रत्येकीच्या जोरावर राजकारण उभे राहावे. झांबियात त्या लहान, म्हणून दोघी पूर्वेकडील लोक म्हणून एकत्र येतात. मराठी माणूस उदगिरात बहुसंख्य आणि औरादेच्या विधानसभेत अल्पसंख्य, तेव्हा त्याची भाषा दोन्हीकडे सारखेच राजकीय वजन बाळगील काय, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

या कामाला हात घालणाऱ्याची पूर्वतयारी मात्र सोपी नाही. निजामी राजवटीत सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. १९५६ नंतरचे दप्तर कन्नड, मराठी आणि तेलुगू अशा तीन वाटांनी गेले. त्यातच उदगीर, निलंगा व अहमदपूर १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्यात आले, आणि नारायणखेड व जहिराबाद २०१४ साली तेलंगण राज्यात गेले. एका जुन्या जिल्ह्याचे कागद पाहावयाचे म्हणजे आज बीदर, लातूर आणि संगारेड्डी अशा तीन कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.