किती एकर शेती परवडते?

दिवाळीला गावी गेलो होतो. साकोली तालुक्यात आमचं साडेचार एकर धानाचं वावर आहे, बाबा आणि काका मिळून. या वेळी फराळापेक्षा सातबारा आणि वाटणी हेच शब्द जास्त कानावर पडले. काकांचं म्हणणं, आता वाटणी करूनच टाकू, आपलं आपलं बरं. बाबांचं म्हणणं, "अर्ध्या वावरात का पिकवशीन रे? ट्रॅक्टर तं वळत नाही बांधीत." शेवटी दोघांचा मोर्चा माझ्याकडे. कारण मी नोकरी सांभाळून अर्थशास्त्राचं एम.ए. करतोय! काका म्हणाले, "तू तं शिकून राह्यला ना इकॉनॉमिक्स? सांग मंग, किती एकर शेती परवडते?"

प्रश्न एकदम सोपा. आणि मला उत्तर येईना.

पुण्याला परत आल्यावर पहिल्या सत्राचं मायक्रोइकॉनॉमिक्सचं पुस्तक उघडलं. त्यात बदलत्या प्रमाणांचा नियम आहे. जमीन तेवढीच ठेवून माणसं वाढवत गेलात, तर एका टप्प्यानंतर प्रत्येक नव्या माणसामुळे वाढणारं उत्पन्न कमी कमी होत जातं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं टाकली की प्रोजेक्टला आणखी उशीर होतो, हे फ्रेड ब्रूक्सने 1975 सालीच लिहून ठेवलंय. रोवणीचंही तेच. एका बांधीत चार बाया असतील तर पाचवीची मदत होते, पण पंधरावी आली तर ती फक्त धुऱ्यावर बसून राहील. कळलं सगळं, पण काकांच्या प्रश्नाचं काय?

उत्तर शोधताना एक जुना लेख हाती लागला. 1918 सालचा, 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'तला. विषय: भारतातल्या लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय. लेखक: भीमराव आंबेडकर!

बाबासाहेब म्हटलं की आपल्याला राज्यघटना आठवते, चवदार तळं आठवतं. पण माणूस मुळात अर्थशास्त्राचा. 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. त्याच 1918 साली नोव्हेंबरमध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात पोलिटिकल इकॉनॉमीचे प्राध्यापक झाले. वय 27, म्हणजे साधारण माझ्याएवढंच. (मी त्या वयात काय करत होतो ते विचारू नका.) त्यांच्या शिकवण्याचं नाव झालं, पण काही सहकाऱ्यांनी स्टाफच्या माठातलं पाणी त्यांनी पिण्यावर हरकत घेतली. असो.

तेव्हा चर्चा अगदी काकांच्या प्रश्नाचीच चालली होती. मुंबई इलाख्याच्या शेती खात्याचे संचालक कीटिंग यांचं मत असं, की एका कुटुंबाचं नीट पोट भरेल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर शेत. त्याहून लहान तुकडे नकोत. ऐकायला बरोबर वाटतं, नाही? बाबासाहेबांनी इथेच बोट ठेवलं. पोट भरणं हा उपभोगाचा हिशेब झाला, आणि शेती हा उत्पादनाचा धंदा आहे. शेत लहान की मोठं हे एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीच्या जोडीला बैल, अवजारं, पाणी, भांडवल किती आणि राबणारे हात किती, यांच्या प्रमाणावर ठरतं. मग ते उलटंच सांगतात: आपल्याकडचं भांडवल इतकं तोकडं आहे की त्या मानाने आहेत तीच शेतं जास्त मोठी आहेत! नुसते तुकडे जोडून काही होणार नाही. शेतीवर जे जास्तीचे हात बसून आहेत त्यांना दुसरं काम द्या, त्यासाठी उद्योग वाढवा. तेच शेतीवरचंही औषध आहे.

पुढे 1954 साली आर्थर लुईस यांनी शेतीतल्या जास्तीच्या श्रमिकांवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. 1979 साली त्यांना नोबेल मिळालं. आणि त्याच 1954 साली बाबासाहेब कुठे होते माहितीये? आमच्या भंडाऱ्यात! लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मतदारसंघ दोन जागांचा. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले, जे पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी बाबासाहेबांना हरवलं. लहान शेताचं गणित 36 वर्षांपूर्वी मांडणारा माणूस लहान शेतांच्या जिल्ह्यात मतं मागून गेला आणि आम्ही त्याला परत पाठवलं. शाळेत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

1970-71 च्या कृषी गणनेत देशातलं सरासरी शेत 2.28 हेक्टरचं होतं. 2015-16 ला ते 1.08 हेक्टरवर आलं. भंडाऱ्यात जवाहरनगरची आयुध निर्माणी आली, तुमसरकडे मँगनीजच्या खाणी आहेत, पण सगळे जास्तीचे हात तिथे कुठे मावणार? माझ्यासारखे हात हिंजवडीला आले. बाबासाहेबांच्या हिशेबात मी म्हणजे शेतावरून कमी झालेला एक माणूस. तेवढ्यावर थांबलं तर हिशेब अर्धाच, कारण भांडवलाची बाजू तशीच रिकामी.

गेल्या रविवारी काकांना फोन केला. म्हटलं, "काका, किती एकर ते सोडा. पाणी किती आहे आपल्याकडं?"

काका जरा थांबले. "पाणी? मामा तलावाचं येते तेवढंच. उन्हाळी धान तं होतच नाही."

मग सांगितलं की वाटणी झाली तरी माझा हिस्सा मला नको, आणि बोअरवेल व पंपाचे पैसे मी देतो. अट एकच, वावर एकत्र कसायचं. काका "पाहू" म्हणाले. आमच्याकडे "पाहू" म्हणजे नाही नसतं.