दर्या, दऱ्या आणि परवाना

सिंधुदुर्ग जिल्ह्याचा भूगोल दोन शब्दांत मावतो: पश्चिमेला दर्या, पूर्वेला आंबोलीच्या दऱ्या. या दोन शब्दांत फरक आहे तो फक्त र कसा लिहिला यात. ‘दर्या’त तो रफार होऊन डोक्यावर बसतो, ‘दऱ्या’त पापणीसारखा आडवा होऊन य ला बिलगतो. हिंदीचं या पापणीवाचून अडत नाही, मराठीचं अडतं.

संगणकाच्या पडद्यावर ही पापणी आपोआप उमटत नाही. कोणती अक्षरं शेजारी आली की कोणता आकार घ्यायचा, याचे नियम फॉन्टच्या फाइलमध्ये लिहावे लागतात. म्हणजे फॉन्ट हेही सॉफ्टवेअरच, आणि सॉफ्टवेअर म्हटलं की परवाना आला.

परवाना हा फारसीतून आलेला शब्द, आणि परवाना या वस्तूची या किनाऱ्याला जुनी ओळख आहे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज या समुद्रात ‘कार्ताझ’ देऊ लागले. त्याचं मूळ अरबी ‘किर्तास’, म्हणजे कागद. हा कागद जवळ नसेल तर जहाज जप्त होई, आणि असला तरी त्याच्या अटी असत: मिरीसारखा राखीव माल भरायचा नाही, पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरूनच पुढे जायचं.  १६६४ साली शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला; मराठ्यांची सत्ताही आता या पाण्यात होती. पुढे कान्होजी आंग्र्यांनी मराठ्यांचं दस्तक, म्हणजे जहाजाचा परवाना, सक्तीचं केलं. इंग्रजांनी ते मानलं नाही आणि त्यावरून लढाया झाल्या. एकाच पाण्यात दोन सत्तांचे कागद चालू लागले की नाखव्यापुढे प्रश्न येणारच: दोघांच्याही अटी एकाच फेरीत पाळता येतील का?

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची मोट बांधणाऱ्यापुढे नेमका हाच प्रश्न असतो. एकत्र आणलेल्या दोन सॉफ्टवेअरचे परवाने उदार असले, तरी दोन्हींच्या अटी एकाच वेळी पाळता आल्या पाहिजेत.

याचं बोलकं उदाहरण बर्कलेचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जुन्या बीएसडी परवान्यात एक साधी अट होती: या सॉफ्टवेअरचा उल्लेख असलेल्या जाहिरातीत विद्यापीठाच्या श्रेयाचं एक वाक्य छापावं. इतरांनी हाच मसुदा उचलला आणि त्यात आपापली नावं घातली. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी बीएसडीवर आधारलेल्या नेटबीएसडी या प्रणालीच्या १९९७ च्या एका आवृत्तीत अशी वाक्यं मोजली, ती ७५ निघाली. स्टॉलमन यांचा स्वतःचा जीपीएल परवाना १९८९ पासून चालत आलेला. त्याचं म्हणणं असं की माझा कोड मिसळलात तर ती अख्खी कृती याच परवान्याखाली द्या आणि घेणाऱ्यावर जादा अट लादू नका. जाहिरातीचं वाक्य ही जादा अट ठरली आणि दोन्ही कोड एकत्र करण्याची वाट बंद झाली. २२ जुलै १९९९ रोजी विद्यापीठाने ते कलम काढून टाकलं, तेव्हा ती मोकळी झाली.

२००४ चा अपाची २.० परवानाही असाच अडला. पेटंटविषयीचं त्याचं कलम जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत बसेना. २००७ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ते सामावलं, तेही एकाच दिशेने: अपाचीचा कोड जीपीएल ३ च्या कृतीत घेता येतो, पण ती कृती अपाचीच्या परवान्याखाली वाटता येत नाही.

इथे ‘एकत्र’ या शब्दाचा अर्थ नीट धरायला हवा. मालवणी मसाल्याची बरणी आणि आगळाची बाटली एकाच पिशवीतून मुंबईला पाठवली, तरी मसाला मसालाच राहतो आणि आगळ आगळच. स्वतंत्र प्रोग्रॅम एका डिस्कवर शेजारी शेजारी ठेवले तर जीपीएलची हरकत नसते, तसं त्यात लिहिलेलंच आहे. पण धणे, मिरची, बडीशेप एकदा दळली की त्यातले धणे परत वेचता येत नाहीत. दोन कोड असे एकजीव झाले की परवान्यांची जुळणी बघावीच लागते.

फॉन्टचं कोडं याहून अवघड. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेले भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ या नावाने जीपीएलखाली खुले केले. लोहित म्हणजे लाल. त्यात मराठीचाही फॉन्ट होता. पण पीडीएफ तयार करताना फॉन्टचा काही भाग त्या दस्तऐवजातच जाऊन बसतो. मग जीपीएलच्या फॉन्टमध्ये लिहिलेली कादंबरीही जीपीएलखाली येते का? जीपीएलच्या रक्षणकर्त्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनलाच यासाठी अपवादाचं एक जादा कलम सुचवावं लागलं.

याच सुमारास एसआयएल या संस्थेने फॉन्टसाठीच वेगळा परवाना लिहिला: ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे ओएफएल. त्याची १.१ ही आवृत्ती २००७ ची. फॉन्ट कोणत्याही सॉफ्टवेअरबरोबर बांधा, त्या सॉफ्टवेअरसोबत विका, फक्त नुसता फॉन्ट विकू नका. त्यात बदल केलात तर बदललेला फॉन्ट याच परवान्याखाली ठेवा, आणि मूळ कर्त्यांनी राखून ठेवलेलं नाव त्याला देऊ नका. त्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या मजकुराला यातली अट लागू नाही, हे तिथे स्पष्ट शब्दांत आहे. कादंबरी लेखकाचीच राहते.

सप्टेंबर २०११ मध्ये लोहित ओएफएलखाली आला. विकिमीडियाने तो आपल्या संकेतस्थळांसाठी घेतला. गूगलचे नोटो फॉन्ट २०१५ मध्ये अपाची सोडून ओएफएलकडे वळले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्टही याच परवान्याचे. मराठी पापणीला आता कोणत्याही मोटेत बसायला मोकळी वाट आहे.

यांपैकी एखादा फॉन्ट उतरवून त्याची झिप फाइल उघडली, की अक्षरांच्या फाइलींशेजारी बहुधा एक छोटी मजकुराची फाइल सापडते. तिच्यात कॉपीराइटची ओळ आणि अख्खा परवाना असतो. मोट बांधणाऱ्याने ती अनावश्यक म्हणून वगळायची नसते. कॉपीराइटची नोंद आणि परवाना प्रत्येक प्रतीसोबत गेले पाहिजेत, ही ओएफएलची अटच आहे. जुन्या गलबतावरच्या कार्ताझसारखा हा कागद मालासोबतच प्रवास करतो.