उज्जैनचा गोसावी आणि सत्याचे माप

एकच धर्म खरा काय, असा प्रश्न मंडळीत कोणी विचारला की आम्हास १६१७ सालचे उज्जैन आठवते. त्या वर्षी बादशहा जहांगीर नगराजवळच्या अरुंद गुहेत राहणाऱ्या जदरूप गोसाव्यास भेटावयास पायी गेला. त्याचा पिता अकबर ह्यानेही अशीरगड जिंकून परतताना ह्याच गोसाव्याची भेट घेतली होती. गोसाव्याचा वेदान्त म्हणजेच सूफींचा तसव्वुफ होय, असे जहांगिराने आत्मचरित्रात नमूद केले आहे.

हे उद्गार उदार खरे; परंतु ते बारकाईने वाचावेत. सर्व धर्म सारखेच, असे बादशहा म्हणत नाही. स्वतःजवळ जे सत्य आहे तेच त्याला दुसऱ्याच्या घरी आढळले. माप त्याचेच राहिले. (ह्याच बादशहाच्या आज्ञेने १६०६ मध्ये गुरू अर्जुनदेवांना प्राणास मुकावे लागले, हेही विसरता येत नाही.)

गुहेतील ह्या भेटीच्या आदल्याच वर्षी, १६१६ साली, गोमंतकात राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. ख्रिस्ताविषयीचा दावा त्यांनी तसूभरही सैल केला नाही. मात्र ओवी, पुराणाची घडण, एवढेच काय ‘वैकुंठ’ हा शब्दही त्यांनी शेजाऱ्यांकडून घेतला. आमच्या मते खरी अडचण येथेच आहे. ज्या शब्दांत आपण सुवार्ता सांगतो, ते ज्यांनी शतकानुशतके उपासनेत घडविले, त्यांना सत्याचा स्पर्शच झाला नव्हता, असे व्यासपीठावरून म्हणावयाचे तरी कोणत्या शब्दांत?