हाजीरजामीन व जामीनकतब्याची जप्ती

जामीनकतबा हा आमच्या दप्तरांतील फार उपेक्षित कागद होय. सनद, महजर, निवाडपत्र हातीं लागतांच त्याची नक्कल होते. चार ओळींचा कतबा मात्र किरकोळ म्हणून रुमालाच्या तळाशीं राहतो. आजच्या फौजदारी न्यायालयांतील जामिनाचें मूळ समजण्यास हाच कागद उपयोगीं पडतो, असें आमचें मत आहे. नाशिक प्रांतांतील संग्राहकांनीं तो टाकूं नये.

मराठी कागदांत जामिनाचे मुख्य प्रकार तीन. मनुष्य हजर करण्याची हमी घेतो तो हाजीरजामीन. ऐवज भरून देण्याची घेतो तो मालजामीन. पुढें वर्तन नीट राहील अशी घेतो तो फैलजामीन. शब्द यावनी असले तरी कल्पना जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत दर्शन, प्रत्यय व दान यांसाठीं प्रतिभू सांगितले आहेत. पैकीं दर्शनप्रतिभू म्हणजेच हाजीरजामीन. प्रतिभू मेला तर दर्शन व प्रत्यय यांच्या हमीचें ओझें पुत्रावर येत नाहीं, दानाच्या हमीचें येतें, असा स्मृतीचा निर्णय आहे. आतां १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचें ५१४ वें कलम पहावें. मुचलका जप्त होण्यापूर्वीं जामीन मेला, तर त्याची मिळकत मोकळी होते, असें तेथें होतें. एकानें दुसऱ्याचें घेतलें असें आम्ही म्हणत नाहीं. दुसऱ्यास हजर करणें हें ज्याच्या त्याच्या वजनाचें काम. तें वारशानें जाणार कसें?

गोतसभेपुढें वादी व प्रतिवादी राजीनामे आणि जामीन देत. तेथें जामिनाची पत चारचौघांच्या ओळखीची असे. इंग्रजी कायद्यानें मुचलक्यांत ठराविक रक्कम घातली, व आरोपी तारखेस न आल्यास ती धोक्यांत आली. तथापि मुचलका जप्त होणें म्हणजे तत्काळ पैसे जाणें नव्हे. प्रथम अट मोडल्याचें न्यायालय कारणांसह नमूद करतें. मग रक्कम भरावी, किंवा कां भरूं नये तें सांगावें, अशी नोटीस जामिनास जाते. सबब न पटल्यास वसुली, आणि वसुली न झाल्यास सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग. रकमेचा कांहीं भाग न्यायालयास सोडतां येतो. ज्यास आरोपीचा भरंवसा उरला नाहीं, त्या जामिनास आधींच अर्ज करून मोकळें होतां येतें. १९७३ च्या संहितेंत ५१४ चें ४४६ झालें, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें ४९१ वें कलम लागू आहे. रीत बहुतांशीं तीच.

देवळाली कॅम्प येथें ही रीत व तिचा अभाव एकाच वस्तींत दिसतात. विलायतेच्या बोटीची वाट पाहणारे गोरे शिपाई पूर्वीं येथील बराकींत इतके कंटाळत कीं, वेडसरपणास इंग्रजींत ‘डूलाली’ हा शब्दच पडला. लष्करी न्यायासनापुढें जावयाच्या शिपायास हाजीरजामीन लागत नाहीं. तो पलटणीच्या ताब्यांत असतो, तोच त्याचा जामीन. कॅम्पाच्या बाजारांतील रहिवाशास मात्र नाशिकच्या न्यायालयांत आपल्यासाठीं उभा राहणारा मनुष्य शोधावा लागतो.

फैलजामीनही मेला नाहीं. १८९७ मध्यें टिळकांस न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं सोडलें तें हजेरीच्या जामिनावर. १९१६ मध्यें मागितला तो वर्तनाचा: २०,००० रुपयांचा मुचलका व १०,००० चे दोन जामीन. मुंबईच्या उच्च न्यायालयानें तो हुकूम त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रद्द केला.

परक्या मुलुखाचा जामीन घ्यावा कीं नाहीं, हा वाद तर १९७८ पर्यंत पोंचला. मध्यप्रदेशांतील मोतीराम नांवाच्या गवंड्याचा भाऊ जामीन राहण्यास आला असतां, त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यांत म्हणून मॅजिस्ट्रेटनें त्यास नाकारलें होतें. सर्वोच्च न्यायालयांत न्या. कृष्ण अय्यर यांनीं ही सबब फेटाळून १०,००० चा मुचलका १,००० वर आणला.